कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर काय करायचं: पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. शेवटचा नीट कधी चालला, पहिल्यांदा कधी लटपटला, शू शेवटची कधी केली, एवढ्या तीन वेळा मोबाईलमधे टाइप करून ठेवा. व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) पहिले हेच विचारतात आणि घरात चार माणसं असतील तर चार उत्तरं येतात, आई म्हणते परवापासूनच मंद होता, बाबा म्हणतात छे, काल संध्याकाळी तर जिन्यावरून धावत खाली आला. "पाय गेले" हा काही एक आजार नाही, त्याच्यामागे दहा-बारा वेगवेगळी कारणं असू शकतात, काहींमधे उद्या सकाळी गेलात तरी चालतं आणि काहींमधे रात्रभर थांबलात तर पाय कायमचे जातात, आणि बाहेरून बघताना सगळी कुत्री सारखीच दिसतात, मागचा भाग जमिनीला टेकलेला आणि पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत चाललाय.

मी व्हेट नाही. रस्त्यावरची जखमी कुत्री सांभाळणाऱ्या ग्रुपबरोबर बरीच वर्षं काम करतोय आणि "दादा कंबर गेली हो याची" असे फोन पावसाळ्यात जरा जास्तच येतात. हे वाचून घरी निदान करत बसू नका, पहिले काही तास आणि नंतरचे काही आठवडे वाया जाऊ नयेत एवढंच यातून घ्या.

चालवून बघू नका

घरात सगळ्यांना हेच सुचतं. बिस्किट दाखवून "ये ये ये" करायचं, नाहीतर शेपटीखाली हात घालून उभं करायचं आणि सोडून बघायचं. प्रत्येक नवीन माणूस घरी आला की परत एकदा डेमो. मणक्यांच्या मधली गादी (डिस्क) सरकली असेल तर अशा एकेका डेमोला ती अजून बाहेर येऊन मज्जारज्जूवर, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीवर, दाब वाढवू शकते, सकाळी झोकांड्या खात का होईना चालणारा कुत्रा संध्याकाळपर्यंत पूर्ण लुळा पडतो तो बऱ्याचदा असाच.

त्यामुळे जिथे आहे तिथेच थांबवा. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) असेल तर क्रेटमधे, नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या आडव्या टाकून छोटी जागा करा, खाली सतरंजी किंवा गोधडी. सोफा, बेड, जिना बंद. शूला नेताना गळ्यातला पट्टा ओढायचा नाही, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) असेल तर तो, आणि पोटाखालून ओढणी घालून मागचा भार आपण घ्यायचा.

फक्त एक सूट. तो स्वतःहून चालत असेल तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, एकदा मागून आणि एकदा बाजूने, टाइल्सवर नाही, जिथे पाय घसरत नाहीत अशा जागी. क्लिनिकमधे गेल्यावर भीतीने अर्धी कुत्री एकदम सरळ चालतात किंवा टेबलावर दगडासारखी बसून राहतात, तेव्हा हा व्हिडिओ फार कामाला येतो. उठतच नसेल तर व्हिडिओसाठी उठवायचं नाही.

घरातली गोळी नको, शेकही नको

क्रोसिन, डोलो, ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, यातलं काहीही नाही. "अर्धीच दिली", "लहान मुलांचं सिरप दिलं" असंही नाही. ब्रूफेन, व्होवेरानने कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन काळी शी सुरू होते आणि किडन्या जातात, पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. शिवाय एक गोष्ट लोकांना माहितीच नसते, तुम्ही घरी पेनकिलर दिली की व्हेटचे हात बांधले जातात, कारण पेनकिलर आणि स्टिरॉइड एकमेकांच्या जवळजवळ दिले तर आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो, मग गरज असेल ते औषध सुद्धा थांबून द्यावं लागतं. दिलीच असेल तर लाजू नका, गोळीची स्ट्रिप घेऊन जा आणि किती वाजता दिली ते सांगा.

गरम पाण्याची पिशवी पण नको. पायाला संवेदना नसेल तर त्याला चटका कळत नाही आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. कंबरेला तेल लावून जोरात चोळणं, पाय ओढून "नस मोकळी करणं" हे पण नाही. गावाकडे अजून काही ठिकाणी कंबरेला डाग देतात, त्याबद्दल काय बोलणार, आधीच अधू झालेल्या जनावराला वरून भाजल्याची जखम आणि त्यात पुन्हा पावसाळ्यात किडे.

तोंडाला हात लावायच्या आधी हे विचारा

रेबीजची लस झालेली आहे का, आणि मागच्या काही महिन्यांत दुसरं कुत्रं, मांजर, माकड, मुंगूस कुणी चावलं होतं का? हा मुद्दा मी मुद्दाम वर घेतलाय. रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिसाळून चावत सुटलेला कुत्रा येतो, पण रेबीजचा एक शांत प्रकार असतो ज्यात कुत्रा चावत बिवत नाही, कोपऱ्यात बसतो, पाय लुळे पडत जातात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो आणि पाणी पिता येत नाही. मग घरातला कोणीतरी म्हणतो घशात हाड अडकलंय आणि सरळ हात घालतो. हीच ती वेळ जेव्हा माणसाला लागण होते.

तर लस झालेली नाही किंवा माहिती नाही, आणि वरचं काही दिसतंय, तर तोंडाजवळ हात नाही, लाळ लागू द्यायची नाही, मुलांना दुसऱ्या खोलीत, आणि व्हेटला फोनवरच स्पष्ट सांगायचं की ही शंका आहे. लाळ जखमेला, ओरखड्याला किंवा डोळ्याला-तोंडाला लागली असेल तर १५ मिनिटं धुवायचं, कातडी असेल तर साबण आणि वाहतं पाणी, डोळा-तोंड असेल तर नुसतं पाणी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात. सरकारी दवाखान्यात अँटी रेबीज लस मोफत मिळते. "घरचाच कुत्रा आहे" हे कारण रेबीजला माहिती नाही.

लस वेळच्या वेळी झालेली असेल तर पुढे जा.

पाच मिनिटांत घरी काय बघायचं

ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी आणि ओल्या असल्या की ठीक, बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर हा पायांचा आजार नाहीच, आत कुठेतरी रक्तस्राव होतोय किंवा रक्त फार कमी झालंय. म्हातारा जर्मन शेफर्ड, लॅब किंवा गोल्डन अचानक मागून बसला आणि हिरड्या पांढऱ्या, तर पोटातल्या प्लीहेतली (स्प्लीन) गाठ फुटलेली असू शकते, तिथे मणक्याचा एक्सरे काढत बसलात तर कुत्रा जाईल.

मग चारही पंजे हातात धरा. मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार लागतायत, नखं निळसर-जांभळी दिसतायत, आणि तो कळवळतोय, म्हणजे पायांना रक्तच पोचत नाहीये, गुठळी अडकली आहे. कुत्र्यात हे कमी, मांजरात जास्त दिसतं, पण दिसलं तर तडक निघायचं.

ताप थर्मामीटरने गुदद्वारातून, टोकाला व्हॅसलिन लावून. नाक गरम की गार यावरून काही कळत नाही. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका, आणि १०४ असेल तर "अंग जरा कोमट आहे" म्हणून सोडू नका.

मग गोचीड शोधा. कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, बोटांच्या मधे, काखेत. बोटांच्या मधली जागा लोक विसरतात आणि नेमकी तिथेच वाटाण्याएवढी फुगलेली मादी बसलेली असते. एक दिसली काय पन्नास दिसल्या काय, व्हेटला सांगायचं.

आता पाय. पोटाखालून हाताचा आधार देऊन मागचा एक पंजा हळूच उलटा करा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल असा. धडधाकट कुत्रा क्षणात सरळ करतो, चिडतो सुद्धा. पंजा उलटाच राहिला तर गडबड स्नायू-सांध्यात नसून नसांमधे किंवा मणक्यात असण्याची शक्यता जास्त. नखंही बघा, मागच्या मधल्या दोन नखांचा वरचा भाग घासलेला असेल तर हे आज सुरू झालेलं नाही, काही दिवस तो पाय ओढत चालतोय आणि फरशीवर खर्र खर्र आवाज येत होता तो घरात कोणी मनावर घेतला नाही.

पुढची गोष्ट जरा नीट वाचा कारण इथेच सगळे फसतात. बोटाला चिमटा काढल्यावर त्याने पाय मागे घेतला की घरचे खूश होतात, "बघा, कळतंय त्याला". पाय मागे घेणं हे नुसतं रिफ्लेक्स असू शकतं, त्याला मेंदूची गरज लागत नाही, मज्जारज्जू वर कुठेतरी पूर्ण दबलेला असला तरी पाय आखडतो. बघायचं ते तोंडाकडे. चिमट्यासरशी त्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, निदान डोळे मोठे केले, तर दुखल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचतेय. पाय आखडला पण तो मजेत समोर बघत जीभ काढून बसलाय, तर ही इमर्जन्सी आहे. घरी हलक्या हाताने एकदाच करून बघा, खरी टेस्ट व्हेट चिमट्याने हाडावर दाब देऊन करतात आणि ती बघायला वाईट वाटते पण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर असतात.

आणि शू. मज्जारज्जूवर दाब जास्त असेल तर लघवीची पिशवी भरत राहते आणि त्याला सोडता येत नाही, मग पिशवी ओसंडून थेंब थेंब गळते आणि घरच्यांना वाटतं होतेय की शू. अंथरूण ओलं आहे पण त्याने पाय उचलून किंवा बसून धार सोडलेली कोणी बघितली नाही, असं असेल तर शू होत नाहीये असंच धरायचं. पोट दाबून काढायचा प्रयत्न घरी करू नका, ते व्हेटकडून हात धरून शिकायचं काम आहे.

मग घाई किती?

रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा: अजिबात उठता येत नाही, चिमट्याला तोंडावर काही भाव नाही, तासातासाला वाढत चाललंय, बारा तासांच्या आसपास धड शू नाही, हिरड्या पांढऱ्या, पंजे गार, श्वास जोरात, गाडीची धडक किंवा गॅलरीतून पडलाय. पिल्लं पाजणारी कुत्री लटपटत असेल, थरथरत धापा टाकत असेल तर कॅल्शियम उतरलंय, ते पण लगेच, शिरेतून कॅल्शियम दिलं की बऱ्याचदा टेबलावरच फरक दिसतो.

साप पण लक्षात ठेवा. गावाकडे, फार्महाउसवर, सोसायटीच्या मागच्या झाडीत पावसाळ्यात कुत्रा फिरून आला आणि तासाभरात मागून झोकांड्या, पापण्या जड, लाळ, तर मण्यार किंवा नाग असू शकतो, मण्यारच्या चाव्याला सूज जवळजवळ नसते आणि खूण सापडत नाही. अँटिव्हेनम हाच उपाय, आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून असतं, निघायच्या आधी फोन करून कुठे शिल्लक आहे ते विचारा.

गोठ्यातलं गोचिडीचं औषध कोणी कुत्र्याला अंदाजाने पाणी न मिसळता लावलंय का हे पण घरात, विशेषतः आजोबांना आणि गड्याला, विचारून घ्या. त्याने थरथर, लाळ, लटपट सगळं होतं, लोक त्याला लकवा समजतात. बाटली सोबत न्या.

लटपटतोय पण चालतोय, खातोय, शू करतोय, हिरड्या गुलाबी, असं असेल तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी दाखवा, आणि तोपर्यंत कोपऱ्यातच. रात्री दर तीन-चार तासांनी उठून बघा, वाढलं तर वरच्या यादीत आला.

नेताना

दुखत असलेला कुत्रा चावतो, कितीही लाडाचा असला तरी, आणि आधी मालकालाच कारण तोच सगळ्यात जवळ असतो. ओढणी किंवा रुंद बँडेज तोंडावरून एक वेढा, हनुवटीखाली गाठ, मग कानामागे बांधायचं. उलटी होत असेल, धापा टाकत असेल किंवा पग-बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असेल तर तोंड बांधायचं नाही, डोकं टॉवेलने अलगद धरा.

मोठ्या कुत्र्याला कॅरम बोर्ड किंवा प्लायच्या फळीवर सरकवा, दोघांनी एकदम, पाठ सरळ, आणि फळीला चादरीने सैलसर बांधा. फळी नसेल तर जाड चादर चार कोपऱ्यांनी ताणून धरा. छोट्याला कपड्यांचा टब किंवा कार्टन. उचलायचं ते एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांखाली, बाळासारखं काखेत धरून पाय लोंबकळत नाही. रिक्षावाले बऱ्याचदा नाही म्हणतात, खाली प्लास्टिक अंथरू आणि वरती पैसे देऊ म्हटलं की कोणीतरी तयार होतो.

कुठे न्यायचं ते आज, कुत्रा ठणठणीत असतानाच शोधून फोनमधे सेव्ह करा, कारण आपला गल्लीतला डॉक्टर रात्री फोन उचलेलच असं नाही. मुंबईत परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल आहे आणि त्याच परळला व्हेटर्नरी कॉलेज पण आहे, महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ ला सुरू झालं. नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळ शिरवळ इथे सरकारी व्हेटर्नरी कॉलेजं आहेत. १९६२ हा टोल फ्री नंबर मुख्यतः गाई-म्हशींच्या फिरत्या दवाखान्यांसाठी आहे, पण तालुक्याच्या गावात काहीच सुचत नसेल तर निदान जवळचा सरकारी डॉक्टर कोण ते विचारता येतं.

व्हेट काय शोधतायत

आपल्याकडे सगळ्यात आधी बघायचं ते म्हणजे टिक फिव्हर. गोचिडीतून येणारे एर्लिशिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात शिरतात, ताप येतो, जेवण सुटतं, प्लेटलेट उतरतात, सांधे सुजतात, आणि अशा कुत्र्याला उठताना इतकं दुखतं की बघणाऱ्याला पाय गेले असंच वाटतं. म्हणून मणक्याच्या तपासण्यांच्या आधी किंवा निदान सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) झाला पाहिजे, झाला नसेल तर तुम्ही विचारा. एक सांगतो, स्मिअरमधे दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, पीसीआर किंवा रॅपिड किट त्यासाठीच असतात. एर्लिशिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं, खाण्याबरोबर आणि वर पाणी पाजून, कोरड्या घशात अडकली की अन्ननलिका भाजते. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतात, मग दोन महिन्यांनी परत तेच, यावेळी जास्त. पपईच्या पानाचा रस द्यायचाच असेल तर व्हेटला विचारून द्या, पण गोळीच्या जागी नाही.

दुसरा मोठा गठ्ठा म्हणजे मणक्याची गादी. डॅशहुंड, बीगल, पग, ल्हासा, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, म्हणजे आखूड पायांची नाहीतर ठेंगण्या बांध्याची मंडळी. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात, सोफ्यावरून उडी मारली आणि किंचाळला, किंवा काहीच न होता सकाळी पाठ कमानीसारखी करून थरथरत उभा. हच मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आले पण त्यांच्या पाठीचं कोणी काही सांगितलं नाही, पगमधे मणक्यांची घडणच वाकडी असणं पण दिसतं आणि तिथे पाय न दुखता हळूहळू जातात.

साधा एक्सरे मणक्याचं हाड दाखवतो, गादी आणि मज्जारज्जू नाही. फ्रॅक्चर, हाडाचा इन्फेक्शन, गाठ यासाठी तो हवाच, पण "एक्सरे नॉर्मल आहे" म्हणजे गादी ठीक आहे असा अर्थ होत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा सीटी, ते भूल देऊन करावं लागतं, प्रत्येक शहरात नाही आणि खर्च मोठा, त्यामुळे आधी हे विचारा: ऑपरेशनचा विचार आहे का? खर्च किंवा वय बघून ऑपरेशन करायचंच नसेल तर एमआरआयने उपचार फारसा बदलत नाही, हे व्हेटशी मोकळेपणाने बोला, चांगला व्हेट यात तुम्हाला कमी लेखणार नाही.

नुसतं दुखतंय किंवा लटपटत का होईना चालतोय अशा कुत्र्यांपैकी बरीच सक्तीच्या आरामावर आणि औषधांवर बरी होतात. पाय पूर्ण गेलेत पण चिमटा कळतोय, तर वेळेत ऑपरेशन झाल्यावर दहापैकी आठ-नऊ परत चालतात. चिमटाच कळत नाही, तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मीच, म्हणून वर त्या टेस्टवर एवढं लिहिलं. चिमटा न कळणाऱ्यांपैकी काहींमधे पहिल्या काही दिवसांत मज्जारज्जू गळत जातो आणि लुळेपण वर चढून श्वासापर्यंत जातं, व्हेट पाठीवर पेनने खुणा करून संवेदना कुठपर्यंत आहे ते रोज बघतात ते त्याचसाठी.

तिसरं एक कारण आहे ज्यात घाबरगुंडी सगळ्यात जास्त उडते आणि निकाल बऱ्याचदा चांगला लागतो. मोठा, तरुण कुत्रा, मैदानात पळता पळता एकदम कें करून खाली, एक बाजू जास्त लुळी, आणि काही तासांनी बघावं तर पाठीला हात लावला तरी दुखत नाही, दुसऱ्या दिवसानंतर वाढतही नाही. गादीचा बारीक कण रक्तवाहिनीत जाऊन मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो, व्हेट याला एफसीई म्हणतात. यात ऑपरेशन नाही, फिजिओथेरपी हाच उपचार, आणि चिमटा कळत असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुधारणा दिसायला लागते.

बाकी पटापट सांगतो. लस न झालेलं पिल्लू, आधी डोळ्या-नाकातून घाण, ताप, जुलाब, मग मागून लटपट आणि पायाला किंवा जबड्याला लयीत झटके, तर डिस्टेंपर हा विषाणूचा आजार. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेलं पिल्लू वाकड्या पायांनी बसलं, तर कॅल्शियमअभावी हाडं ठिसूळ झालीत, जरा उडी मारली की मोडतात. वजनदार लॅब किंवा रॉटवायलर एका पायाची नुसती बोटं टेकवतोय, तर गुडघ्याचं लिगामेंट, आणि दोन्ही गुडघ्यांची गेली तर हुबेहूब कंबर गेल्यासारखं दिसतं. आठ-नऊ वर्षांच्या शेफर्डचे पाय दुखण्याशिवाय महिनोन्महिने ओढत चाललेत तर ती वेगळी गोष्ट, ती अचानक होत नाही. म्हाताऱ्याची मान एका बाजूला कलली आणि डोळे डावीकडे-उजवीकडे फडफडतायत तर पाय नाही, कानातला तोल गेलाय, आणि ते बऱ्याचदा आपोआप सुधारतं.

घरी आल्यावरचे आठवडे

गादीच्या केसमधे सक्तीचा आराम म्हणजे निदान चार आठवडे, पूर्ण. क्रेट एवढाच की उभा राहून वळता येईल. बाहेर फक्त शी-शूला, हार्नेस आणि ओढणीच्या आधाराने, पाच मिनिटं. सगळ्यात अवघड पहिला आठवडा नसतो, दुसरा असतो, कारण औषधाने दुखणं थांबतं, तो भुंकून घर डोक्यावर घेतो आणि आजी म्हणते सोडा ना बिचाऱ्याला, बरा झालाय की. बरा झालेला नसतो, पेनकिलर चालू असते.

पूर्ण लुळा असेल तर दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडावर जखमा होतात आणि त्या आजारापेक्षा जास्त दिवस छळतात. खाली जाड गादी, त्यावर रेक्झिन, त्यावर शू शोषणारं पॅड किंवा जुनी चादर. ओलं झालं की कोमट पाण्याने धुवून कोरडं करून पातळ थर पेट्रोलियम जेलीचा. लहान बाळांच्या रॅशचं झिंक असलेलं क्रीम लावू नका, तो चाटतो आणि झिंक कुत्र्याला विषारी. डायपर लावायचा तर शेपटीला भोक पाडून, आणि चोवीस तास नाही, कातडीला हवा लागू द्या.

शू काढून द्यायची असेल तर व्हेटने सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या दिवशी घरातल्या दोन जणांनी शिकून घ्या, एकट्यावर पडलं की दहाव्या दिवशी माणूस कंटाळतो. शूला घाण वास आला, रंग गढूळ किंवा लालसर झाला तर इन्फेक्शन, लगेच तपासणी.

फरशीचं काहीतरी करा. आपल्याकडे सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आणि त्यावर अशक्त पायांचा कुत्रा म्हणजे दर पावलाला घसरगुंडी. पायपुसणं आणि चटई स्वतःच सरकतात, रबराची मॅट किंवा योगा मॅट कापून पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत पट्टा करा. पंजाखालचे केस आणि नखं कापा. आणि खाणं कमी करा, हालचाल नाही तर तेवढंच खाल्लं की वजन चढतं आणि तो भार त्याच पाठीवर.

व्यायाम व्हेटने हो म्हटल्यावरच. कुशीवर झोपवून मागचा पाय हळूहळू सायकलसारखा फिरवायचा, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, ताकद लावायची नाही. बोटांच्या मधे गुदगुल्या करायच्या. नंतर ओढणीच्या आधाराने उभं करून थोडा थोडा भार सोडायचा. पुण्या-मुंबईत पाण्यातल्या ट्रेडमिलची सोय असलेले फिजिओ मिळतात, नसेल तर ओढणीवर पण कुत्री उभी राहिलेली बघितली आहेत. नराला ओढणी घालताना ती शूच्या जागेवर आवळू नका, अगदी मागच्या पायांना लागून घाला.

महिना-दोन महिने झाले, दुखत नाही, खातोय, खेळायला बघतोय, फक्त पाय येत नाहीत, तर चाकाची गाडी. लोक याला उगाच घाबरतात, कुत्र्याला स्वतःची कीव बिव येत नाही, गाडी बांधली की तो दुसऱ्या दिवशी गल्लीत मांजराच्या मागे असतो. माप घेताना कुत्र्याला दोघांनी नॉर्मल उंचीला उभं धरायचं आणि जमिनीपासून जांघेपर्यंत, मांडीपासून छातीपर्यंत आणि कंबरेची रुंदी अशी तीन मापं सेंटिमीटरमधे घ्यायची, बसलेल्या कुत्र्याचं माप पाठवलं की गाडी ठेंगणी येते आणि पंजे रस्त्याला घासून रक्त निघतं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करा, गाडीत त्याला एकट्याला सोडून जाऊ नका, आणि दर वेळी काढल्यावर जांघेत पट्टा घासलाय का ते बघा.

उलटं पण होतं. दुखणं औषधांनी आवरत नाहीये, जखमा भरत नाहीत, खाणं सुटलंय, अशा वेळी कायमचं झोपवायचं का हा प्रश्न व्हेटला तुम्ही स्वतः विचारू शकता, ते स्वतःहून बऱ्याचदा काढत नाहीत. फक्त पहिल्या दोन दिवसांत, नातेवाईकांच्या सांगण्यावरून आणि तपासणी न करता हा निर्णय घेऊ नका, टिक फिव्हर आणि एफसीईची कितीतरी कुत्री त्याच दोन दिवसांत सगळ्यात वाईट दिसतात.